धुराचा पाइप गच्चीवर जाऊ द्या: आमच्या सोसायटीच्या समितीला आणि सभासदांना खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, सचिव, खजिनदार, समितीचे सर्व सदस्य आणि सोसायटीतील सर्व सभासद बंधू-भगिनी,

सप्रेम नमस्कार.

येत्या रविवारच्या विशेष सर्वसाधारण सभेची सूचना लिफ्टजवळच्या फलकावर लागली आहे. त्यात चौथा विषय आहे: ‘तळमजल्यावरील गाळा क्र. ३ मधील खाद्यपदार्थांचा व्यवसाय बंद करण्याबाबत ठराव संमत करणे.’ सोसायटीच्या ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनना लिहिता येतं आणि सभेत प्रत्येकाला दोन मिनिटं मिळतात. मला जे सांगायचं आहे ते दोन मिनिटांत मावणार नाही. शिवाय पुण्यात आज जिथे जिथे खाली गाळे आणि वर घरं आहेत तिथे हाच प्रश्न उभा राहतो आहे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

मी गाळा क्र. ३ मधल्या बर्गरच्या दुकानात दोनदा जेवून आले. ठरावाच्या बाजूने बोलणाऱ्या किती जणांनी त्या दुकानाचा उंबरा ओलांडला आहे, हे मी रविवारी विचारणार आहे. राग मानू नका. ज्या दुकानावर आपण मत देणार, ते एकदा आतून पाहायला हवं एवढंच माझं म्हणणं आहे.

पहिल्यांदा गेले तो गुरुवार होता. महापालिकेने दुरुस्तीसाठी दिवसभर पाणी बंद ठेवलं होतं. सूनबाई घरूनच काम करते, तिची दुपारी एकला मीटिंग संपली आणि ती म्हणाली, “आई, आज भांडी नकोत, खाली जाऊ या.” गुरुवारी मी मांसाहार करत नाही. तिथे शाकाहारी काही धड मिळेल का, अशी शंका मनात घेऊनच मी जिना उतरले.

दुकान लहान आहे. चौदा माणसं बसतील एवढंच. दाराशी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना काचेत लावलेला. स्वयंपाकाची जागा आणि गिऱ्हाइकांची जागा यांच्यात फक्त कमरेएवढा ओटा, त्यामुळे काय चाललंय ते सगळं दिसतं. मला हीच गोष्ट आधी आवडली. माझ्यासारखी बाई हॉटेलात गेली की पदार्थाआधी फडकं बघते, विळी-सुरी कुठे ठेवलीय ते बघते, कढईची कड बघते. मी बावीस वर्षं डबे केले आहेत. १९९७ ते २०१९, आपल्याच इमारतीत, बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावर. शेवटच्या काही वर्षांत रोज साठ डबे जायचे. त्यामुळे दुपारच्या जेवणाच्या घाईत कोणाचं स्वयंपाकघर ताळ्यावर आहे आणि कोणाचं नाही, हे मला उभ्या उभ्या कळतं.

तिथे दोन तवे आहेत, लोखंडी, जाड, एकमेकांपासून हातभर लांब. डावा शाकाहारी, उजवा मांसाहारी. उलथनी वेगळी, चिमटे वेगळे, फडकी वेगळ्या रंगांची. तळणीचे दोन चौकोनी डबे, त्यांच्यातही तशीच वाटणी. हे सगळं मी विचारण्याआधीच दुकानातल्या मुलीने सूनबाईला दाखवलं, कारण समोर दोन जैन मुली बसल्या होत्या आणि त्यांनी तेच विचारलं होतं. दुकान तिघांचं आहे. दोघे मुलगे, एक मुलगी. एक जण हॉटेल मॅनेजमेंट शिकून सहा वर्षं जहाजावरच्या स्वयंपाकघरात राबून परत आला आहे. तो तव्यावर असतो.

आम्ही बटाटा-राजम्याचा बर्गर मागवला. आता मी जे लिहिणार आहे ते कोणाला फार बारीक वाटेल, पण ज्यांनी ठराव मांडला आहे त्यांनी ते वाचावं अशी माझी इच्छा आहे, कारण मेहनत बारीक गोष्टींतच दिसते.

शाकाहारी टिक्की बांधून ठेवणं हे सोपं काम नाही. बटाटा ओलसर असतो, राजमा त्याहून ओला. तव्यावर टाकली की पसरते, आणि पावात ठेवून दाबली की कडेने लगदा बाहेर येतो. मग लोक त्यात मैदा किंवा कॉर्नफ्लोअर लोटतात आणि ती रबरासारखी होते. ह्या मुलांची टिक्की बाहेरून कुरकुरीत होती, आतून मऊ, आणि शेवटच्या घासापर्यंत अखंड राहिली. मी ओट्याजवळ जाऊन विचारलं, “बांधायला काय घातलंत?” तो म्हणाला, “काकू, जाड पोह्यांचा भरडा. आणि राजमा शिजवून ओव्हनमध्ये अर्धा तास सुकवतो.” मी कटलेट करायचे तेव्हा पोह्यांचाच भरडा घालायचे, माझ्या सासूबाईंची ती रीत. जहाजावर राहून आलेल्या मुलाच्या हातून तीच युक्ती पुढे आली तेव्हा मला फार बरं वाटलं.

पाव त्यांनी आपल्याच भागातल्या बेकरीतून घेतला आहे. लादीतला तोडलेला पाव नव्हे, सुटा भाजलेला, दूध-लोण्याचा, किंचित गोडसर. मधोमध कापून दोन्ही बाजू लोण्यावर तव्यावर शेकलेल्या. असा शेकला की चटणी किंवा सॉस पावात मुरत नाही आणि पाव हातात फाटत नाही. वडापाववाले गाडीवर हे करत नाहीत, कारण त्यांच्याकडे सुकी लसणाची चटणी असते, ती मुरायचा प्रश्नच नसतो. इथे मेयोनीजमध्ये हिरव्या मिरचीचा ठेचा कालवलेला होता. ठेचा खरा, खलबत्त्यातला, मिरचीच्या बिया दिसत होत्या. मेयोनीज मात्र माझ्या मते निम्मं पुरलं असतं. आणि त्यात घातलेलं ते सॅलडचं पान लिबलिबीत झालं होतं. त्याऐवजी बारीक चिरलेला कोबी लिंबू-मीठ लावून घातला तर पावसाळ्यात तरी चांगला टिकेल. मी त्यांना हे सांगितलं. मुलीने वहीत लिहून घेतलं.

मेयोनीजचं नाव निघालंच आहे तर एक सांगते. सचिवसाहेबांनी तक्रारीच्या पत्रात ‘आरोग्यास घातक कच्च्या अंड्याचे पदार्थ’ असं लिहिलं आहे. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजची भीती खोटी नाही. तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये त्यावर वर्षभराची बंदी घातली होती. पण गाळा क्र. ३ मध्ये मेयोनीज अंड्याशिवायचं आहे. डबा मी हातात घेऊन वाचला, हिरवं चिन्ह पाहिलं. ज्याने कोणी ती ओळ लिहिली त्यांनी पाच मिनिटं काढून विचारलं असतं तर ती लिहावी लागली नसती.

दोन बर्गर, एक लहान बटाट्याच्या तळलेल्या काड्या आणि एक ताक, असं ३७० रुपये, त्यावर पाच टक्के कर, एकूण ३८८ रुपये ५० पैसे. स्वस्त नाही. आपल्या चौकातल्या खानावळीत तेवढ्यात दोघांची थाळी होते. पण फसवणूकही नाही. सेवाशुल्क म्हणून काही गुपचूप जोडलेलं नव्हतं.

दुसऱ्यांदा गेले पुढच्या बुधवारी, नातवाला घेऊन, दुपारी साडेबाराला. शाळा लवकर सुटली होती. त्या दिवशी चिकनचा बर्गर खाल्ला. कोंबडीच्या पायाचं मांस तिथेच खिमा केलेलं, छातीचं नव्हे. छातीचं मांस कोरडं पडतं, पायाच्या मांसाला चरबी असते. मीठ खिम्यात आधी कालवत नाहीत, गोळा तव्यावर टाकायच्या क्षणी वरून भुरभुरतात. मीठ आधी घातलं की खिमा घट्ट होतो आणि टिक्कीचा पोत सॉसेजसारखा लागतो. गोळा तापलेल्या तव्यावर पडला की वरून जड पट्टीने एकदाच दाबतात, कडा जाळीदार तपकिरी होतात. सगळी चव त्या तपकिरी कडेत असते. आपण भाकरीचा पापुद्रा किंवा पिठल्याची खरवड ज्या आनंदाने खातो, तो हाच आनंद. मग त्याने थर्मामीटरची सुई टिक्कीच्या पोटात खुपसली. चिकन आतून ७४ अंश सेल्सिअसला पोहोचलं की खायला सुरक्षित, आणि तो आकडा दिसेपर्यंत त्याने बर्गर बाहेर दिला नाही. दुकानात गर्दी होती, दोन डिलिव्हरीवाले दारात उभे होते, तरी दिला नाही. मी बावीस वर्षांत अशी शिस्त फार थोड्या ठिकाणी पाहिली.

मग मी तेलाकडे वळले. तळणीचा धंदा करणाऱ्याची नियत तेलात दिसते. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात जे घटक तयार होतात त्यांची मर्यादा १ जुलै २०१८ पासून कायद्याने ठरवली आहे, पंचवीस टक्के. त्याच्या वर गेलेलं तेल वापरायचं नाही. मला यंत्र लागत नाही. तेल काळं पडलं, फेस बसेनासा झाला, धूर लवकर येऊ लागला आणि वास घशात अडकू लागला की ते तेल गेलं. त्यांचं तेल मधाच्या रंगाचं होतं. उतरलेलं तेल ते मोरीत ओतत नाहीत, वीस लिटरच्या डब्यात साठवतात आणि बायोडिझेलसाठी गोळा करणाऱ्याला देतात. आपल्या सोसायटीची ड्रेनेजची लाइन दरवर्षी तुंबते, ती आपल्याच घरच्या तळणीचं तेल आपण बेसिनमध्ये ओततो म्हणून, हे प्लंबर आपल्याला दोनदा सांगून गेला आहे.

आता वासाकडे येते, कारण ठरावाचं खरं कारण तेच आहे आणि ते कारण खरं आहे. ए विंगच्या पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावर संध्याकाळी स्वयंपाकघरात उभं राहवत नाही, असं तिथल्या वहिनी म्हणतात. मी त्यांच्या घरी जाऊन उभी राहिले. त्या बोलतात त्यात काडीची अतिशयोक्ती नाही. जे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या मांसाहार करत नाही, त्यांच्या देवघरापर्यंत तळलेल्या चिकनचा वास येणं ही त्यांच्यासाठी क्लेशाची गोष्ट आहे. ‘खिडकी लावून घ्या’ असं त्यांना सांगणाऱ्यांशी मी सहमत नाही.

पण वास का येतो ते समजून घेऊ. गाळ्याच्या मागच्या भिंतीत सात फुटांवर पंखा आहे. तो धूर बाहेर फेकतो तो थेट दोन विंगांमधल्या डक्टमध्ये. ते डक्ट जेमतेम पाच फूट रुंद, चारही बाजूंनी बंद, फक्त वरून उघडं. तिथे वारा फिरत नाही. तेलकट वाफ जड असते, ती वर जाता जाता थंड होते आणि पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांशीच घुटमळते. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरून तक्रार नाही, त्याचं कारण हेच. ह्यावर उपाय साधा आणि सगळ्यांना माहीत असलेला आहे. तव्यावर हूड, हूडमध्ये तेल अडवणाऱ्या जाळ्या, तिथून पत्र्याचा पाइप मागच्या भिंतीच्या बाहेरून थेट गच्चीच्या वर सहा-सात फूट. वर वारा असतो, वास विरून जातो. हूड आणि जाळ्या त्यांनी पहिल्या दिवसापासून लावल्या आहेत, रोज रात्री सोड्याच्या गरम पाण्यात धुतात. नाही तो फक्त पाइप.

आणि पाइप का नाही? कारण त्यांनी सोसायटीकडे लेखी परवानगी मागितली आणि समितीने ती नाकारली. ते पत्र मी पाहिलं आहे. खर्च पूर्ण ते करणार, भिंतीला भोकं पडतील तिथे वॉटरप्रूफिंग करून देणार, दुकान सोडताना पाइप काढून भिंत रंगवून देणार, असं तिघांच्या सह्यांनी लिहिलेलं. समितीचं उत्तर एका ओळीचं आहे: ‘इमारतीच्या बाह्य स्वरूपास बाधा येत असल्याने परवानगी देता येत नाही.’ ही भिंत मागची आहे. तिच्यावर आज एसीचे एकवीस डबे, डिश अँटेनांच्या छत्र्या आणि सांडपाण्याचे पाइप आहेत. वास येतो म्हणून दुकान बंद करायचं आणि वास वर न्यायचा पाइप लावू द्यायचा नाही, ह्या दोन गोष्टी एकाच समितीने एकाच महिन्यात करणं मला अन्यायाचं वाटतं. मी हे सौम्य शब्दांत लिहू शकत नाही.

माझ्याजवळ ह्याचा एक अनुभव आहे, आणि तो आपल्या सोसायटीच्या जुन्या इतिवृत्तात नोंदलेला आहे. २००३ साली माझ्या डब्यांविरुद्ध तक्रार आली होती. पहाटे पाचला फोडणी, लसणाचा खकाणा, शेजारच्या घरात लहान बाळ. तक्रार करणारी बाई चुकीची नव्हती, तिच्या बाळाला ठसका लागायचा. तेव्हाचे सचिव आमच्या घरी आले. आज ते हयात नाहीत. स्वयंपाकघरात पहाटे पाच वाजता येऊन उभे राहिले, पंखा कुठे आहे ते पाहिलं आणि म्हणाले, “वहिनी, पंखा पूर्वेकडच्या खिडकीत बसवा, तिकडे मोकळं मैदान आहे. भिंत फोडायला मी समितीची परवानगी काढतो.” आठवड्यात पंखा फिरला. ते बाळ आता इंजिनियर आहे आणि त्याच्या मुंजीला मी तिच्या घरी पुरणपोळ्या लाटल्या होत्या. तेव्हा ‘डबे बंद करा’ असा ठराव झाला असता तर माझ्या दोन मुलांची शिक्षणं झाली नसती. यांची कंपनी २००१ मध्ये बंद पडली होती. हे आपल्यापैकी जुन्या सभासदांना माहीत आहे.

ग्रुपवर आणखी एक वाक्य फिरलं: ‘हे आपलं खाणं नाही, आपल्या मुलांना ह्याची सवय नको.’ ह्या वाक्यावर मला जरा थांबायचं आहे, कारण मी ह्याच शहरात जन्मले.

माझी आजी घरात पाव येऊ द्यायची नाही. तिच्या लहानपणी वाईला सांगायचे की पोर्तुगीज मुलखात विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यायलं म्हणून गावंच्या गावं बाटली. पाव म्हणजे बाटणं. आम्ही आजारी पडलो की डॉक्टर ‘दूध-पाव द्या’ म्हणायचे आणि आई तो आजीला न दाखवता द्यायची. पाव हा शब्दही पोर्तुगीज आणि बटाटा हाही. १९६६ मध्ये दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्यांनी हे दोन्ही एकत्र केले आणि आज वडापावाशिवाय आपल्याला मराठी माणूस डोळ्यांपुढे आणता येत नाही. त्याच्याही मागे जायचं तर १८९० साली ह्याच पुण्यात, पंचहौद मिशनमध्ये, पाहुण्यांपुढे चहा ठेवला गेला. हजर असणाऱ्यांची नावं वर्तमानपत्रात आली, ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उठलं, आणि टिळक-रानड्यांसारख्या माणसांना त्या कपभर चहापायी प्रायश्चित्ताच्या वादात सापडावं लागलं. आपल्या समितीच्या सभेत विषय पहिला संपला की चहा येतो.

आणि बर्गर पुण्याला नवा आहे, असंही नाही. कॅम्पातलं बर्गर किंग त्या नावाने १९९२ पासूनचं. भारतात मॅकडोनाल्ड्सचं पहिलं दुकान उघडलं ते त्यानंतर, १९९६ मध्ये. कॅम्पातल्या ह्या दुकानावर नावावरून अमेरिकेतल्या मोठ्या कंपनीने २०११ मध्ये दावा लावला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला. प्रकरण पुढे उच्च न्यायालयात गेलं. पण पुणेकर त्या दुकानामागे कसे उभे राहिले ते मला आठवतं. आपल्याच ग्रुपवर तेव्हा अभिनंदनाचे संदेश आले होते. कॅम्पातला बर्गर आपला, आणि आपल्या गाळ्यातला परका, असं कसं होईल?

मुलांच्या सवयीबद्दल म्हणाल तर काळजी मलाही आहे. नातवाने आठवड्यातून तीनदा तिथे जावं असं मला मुळीच वाटत नाही. मैदा, लोणी, तळण, हे रोजचं जेवण नव्हे. पण ते आपण घरात ठरवायचं. मुलाच्या हातात पैसे आपण देतो, सोसायटी देत नाही. शिवाय जे मूल ओट्यापलीकडे उभं राहून आपला घास कसा बनतो ते बघतं, ते मोबाइलवर बटण दाबून डब्यातून मागवणाऱ्या मुलापेक्षा अन्नाबद्दल जास्त शिकतं. माझ्या नातवाने त्या दिवशी विचारलं, “आजी, तो सुई का टोचतो?” आणि घरी येऊन आईला ७४ अंश का ते समजावलं.

त्या बुधवारी तिथे सी विंगमधले आजोबाही होते. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. दोन वर्षांपूर्वी आजी गेल्यापासून ते दुपारी ब्रेड-दूध खातात हे आपल्याला माहीत आहे. आपण सगळे म्हणतो, “काका, या ना जेवायला.” ते येत नाहीत, त्यांना कोणाला त्रास नको असतो. ते कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले होते. त्यांची कवळी आहे, मोठा घास घेता येत नाही. मुलीने न सांगता त्यांच्या बर्गरचे सहा तुकडे करून ताटलीत मांडून दिले, वर पापुद्रा कडक झालेला तो थोडा काढून टाकला, आणि बाजूला ताक. ते आठवड्यातून दोनदा येतात असं ती म्हणाली. ते आम्हाला पाहून हसले आणि नातवाला शेजारी बसवून घेतलं. पाऊण तास आम्ही तिथे होतो. आजी गेल्यानंतर त्यांचा एवढा आवाज मी प्रथमच ऐकला.

दुकानाच्या चुकाही आहेत, आणि त्या मी त्यांना तोंडावर सांगितल्या आहेत. बाहेरची पाटी नियमाप्रमाणे मराठीत आहे, पण आतला पदार्थांचा फलक पूर्ण इंग्रजीत. आजोबांना तो वाचता येत नाही, आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना येत नाही. तो मराठीत हवाच. बसायची स्टुलं उंच आहेत, गुडघे दुखणाऱ्याने चढायचं कसं? निदान दोन साध्या खुर्च्या ठेवा. बटाट्याच्या काड्यांवर मीठ जास्त असतं. डिलिव्हरीवाले गाड्या फाटकासमोर लावतात आणि हॉर्न वाजवतात, ही तक्रार शंभर टक्के रास्त आहे. त्यांच्यासाठी दुकानाच्या पुढच्या बाजूला पट्टा आखून द्यायला हवा, आणि रात्री दहानंतर पार्सल बंद. दहा ते सहा ही वेळ कायद्यानेही शांततेची आहे. ओला कचरा त्यांनी पहिल्या आठवड्यात सोसायटीच्या डब्यात टाकला होता, तेही चूक. आता ते वेगळा करून देतात, आपल्याकडे कचरा गोळा करायला येणाऱ्या ताईंना मी विचारून खात्री केली.

यांतल्या फाटकाच्या, दहाच्या आणि मराठी फलकाच्या अटी ते लिहून द्यायला तयार आहेत. स्टुलांचं म्हणाले, पुढच्या महिन्यात.

म्हणून माझी समितीला विनंती आहे की रविवारच्या सभेत चौथ्या विषयाचा ठराव मांडण्याआधी पाइपचा विषय घ्यावा. परवानगी द्यावी, अटी घालाव्यात, पाइप बसवायला एक महिना द्यावा आणि त्यानंतर ए विंगच्या वहिनींच्या स्वयंपाकघरात आपण सगळ्यांनी संध्याकाळी सात वाजता जाऊन उभं राहावं. वास येत असेल तर मी स्वतः त्यांच्या बाजूने हात वर करीन, मग पुढचं काय ते ठरवू. वहिनींशी माझं बोलणं झालं आहे. त्या म्हणाल्या, “मला दुकानाशी भांडण नाही, मला माझी खिडकी उघडता यावी.” त्यांनी हे वाक्य इथे लिहायला परवानगी दिली आहे.

आपले गाळे मंजूर नकाशात दुकानांसाठीच दाखवलेले आहेत, गाळेधारक हाही आपल्यासारखाच सभासद आहे आणि देखभालीचा हप्ता भरतो. क्र. ३ वर्षभर रिकामा होता तेव्हा त्याच्या शटरसमोर रात्री काय चालायचं, तेही आठवून पाहावं.

पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिराला मी शनिवारी सकाळी दहा वाजता बोलावलं आहे. तो मागच्या भिंतीचं माप घेऊन पाइप कुठून जाईल त्याची खडूने रेघ आखून देणार आहे. समितीतल्या कोणीही यावं, ए विंगच्या सगळ्यांनी जरूर यावं.

कळावे,
आपली,
बी विंग, दुसरा मजला येथील एक सभासद

ता. क. शनिवारी काम आटोपल्यावर ज्यांना यायचं असेल त्यांनी माझ्याबरोबर गाळा क्र. ३ मध्ये जेवायला यावं. शाकाहारी तवा डावीकडचा. अध्यक्षांना गोड ताक आवडतं हे मला माहीत आहे, तिथे मिठाचं मिळतं, मी घरून साखर आणीन.